घोट्याचा ब्रेस: कुठला घ्यायचा, किती घट्ट बांधायचा आणि काढायचा कधी?

भिरभिरं:
मंडळी, डबल्स खेळताना उडी मारून खाली आलो तो नेमका पार्टनरच्या बुटावर, तळवा आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला कट्कन आवाज. एक्सरे काढला, हाड शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले ग्रेड टू स्प्रेन, लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) अर्धवट फाटलंय, ब्रेस घाला आणि सूज जरा बसली की फिजिओ सुरू करा. चिठ्ठीवर नुसतं 'अँकल सपोर्ट' लिहिलंय. आता शोधायला बसलो तर मोज्यासारखा ओढून चढवायचा, लेसवाला, दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला, पार नडगीपर्यंत येणारा बूट, एवढे प्रकार की डोकंच चालेना, आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं की रिकव्हरीसाठी हाच बेस्ट. सध्या लंगडत का होईना चालता येतंय, सूज आहे, काळंनिळं टाचेपर्यंत उतरलंय. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा कुठला घेऊ, रात्री झोपताना घालायचा का, आणि मुख्य म्हणजे सोडायचा कधी, कारण ऑफिसातला एक जण म्हणतो एकदा सवय लागली की सुटत नाही.

तिरकी_चाल:
लेसवाला घे, डोळे झाकून. मोज्यासारखे ते नुसते शोभेला.

उंटावरचा_शहाणा:
अगदीच शोभेला नाही हां, सूज आटोक्यात ठेवायला बरे पडतात. पण पाय वळायचा तो त्यातही वळतोच, हे मान्य.

हाडवैद्य_नव्हे:
फिजिओ आहे, दिवसभर हेच बघते, त्यामुळे जरा लांबण लावते.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात. त्यातलं पुढचं, बाहेरच्या हाडाच्या टोकापासून तिरकं पुढे जाणारं, ते सगळ्यात कमजोर आणि तळवा आत वळला की पहिला फटका त्यालाच. जोर जास्त असला तर मग टाचेच्या हाडाकडे उतरणारं दुसरं. मागचं तिसरं फारच क्वचित. चवडा खाली झुकलेला असतो तेव्हा हा सांधा सगळ्यात सैल असतो आणि उडीवरून उतरताना पाय नेमका तसाच असतो, म्हणून व्हॉली, बास्केटबॉल, बॅडमिंटनवाले आमचे नेहमीचे गिऱ्हाईक.

तर ब्रेसकडून काम काय हवंय? तळवा आत वळू द्यायचा नाही, पण वर-खाली हालचाल चालू राहिली पाहिजे, नाहीतर चाल बिघडते आणि सांधा आखडतो. मोज्यासारखा स्लीव्ह वळण्याला जवळजवळ काहीच अडवत नाही, थोडा दाब देतो आणि पायाकडे लक्ष राहतं एवढंच. ग्रेड वनला, म्हणजे लिगामेंट नुसतं ताणलं गेलं असेल तर, किंवा अगदी शेवटच्या टप्प्यात ठीक. लेसवाला, त्यावरून आठच्या आकड्यासारखे पट्टे फिरणारा, हा ग्रेड टूला आणि नंतर खेळायलाही चालतो. कडक पट्ट्यांचा, ज्याला स्टिरप म्हणतात, आत हवेच्या किंवा जेलच्या गाद्या असतात, तो बाजूचं वळणं सगळ्यात चांगलं अडवतो आणि सूज कमीजास्त झाली तरी वेल्क्रोनं जुळवून घेता येतो, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत मला तोच पसंत. मोठा बूट पायावर वजनच टाकता येत नसेल तर, आणि तोही थोडे दिवस.

२००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला होता. ५८४ लोक, सगळे जबर मुरगळलेले, ज्यांना पायावर भार देता येत नव्हता. कुणाला ट्युब्युलर (नळीसारखं ओढून चढवायचं) बँडेज, कुणाला गुडघ्याखालचं प्लास्टर १० दिवस, कुणाला स्टिरप ब्रेस, कुणाला बूट. तीन महिन्यांनी प्लास्टरवाले आणि बऱ्याच बाबतीत स्टिरपवाले पुढे होते, नुसत्या बँडेजवाले मागे आणि बूटवाले बँडेजवाल्यांपेक्षा काही खास बरे नव्हते. नऊ महिन्यांनी मात्र सगळे सारखेच. म्हणजे सुरुवातीचा आधार नीट असला तर लवकर चालते होता, बाकी पुढचं ब्रेसच्या हातात नाही.

झोपताना घट्ट स्लीव्ह आणि क्रेप बँडेज काढाच. कडक ब्रेस पहिले काही दिवस रात्री सैलसर ठेवायला काही डॉक्टर सांगतात कारण पांघरुणात पाय अडकून वळतो, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

भिरभिरं:
ताई, कमाल प्रतिसाद. स्टिरप बघतो. माप कसं घेतात? सूज असताना घेतलं तर नंतर सैल होणार ना?

हाडवैद्य_नव्हे:
कंपनीगणिक मापाची जागा वेगळी. कुणी घोट्याच्या हाडांच्या जरा वर घेर घेतं, कुणी टाचेवरून पुढे पावलाच्या वाकापर्यंत तिरका घेर, कुणी सरळ बुटाचा नंबर विचारतं. डब्यावर चित्र असतं ते बघायचं, अंदाजानं मीडियम उचलायचा नाही. टेप घोट्याला लागून असावी, आवळून नाही. सूज आहे तोवर स्लीव्ह विकत घेऊच नका, त्याचं माप नक्की चुकणार. स्टिरप किंवा पट्ट्यांचा घेतलात तर वेल्क्रो सावरून घेतो. डावा-उजवा वेगळा आहे का तेही बघा, लेसवाले बरेच दोन्ही पायांना चालतात, पट्टेवाल्यांत काही एकाच पायाचे असतात.

कट्टर_अनवाणी:
मला एक कळत नाही, लाखो वर्षं माणूस ब्रेसशिवाय पळत होता. आधार दिला की स्नायू आळशी होणारच. ब्रेस, क्रेप, जाड सोलचे बूट, सगळं फेकून द्या आणि अनवाणी चाला, घोटा आपोआप मजबूत होतो. माझे घोटे लोखंड आहेत.

तिरकी_चाल:
आला हा. फाटलेल्या लिगामेंटवर अनवाणी चाल म्हणतोस? हलके घ्या, पण कहर आहे.

आकडेमोड्या:
@कट्टर_अनवाणी, 'ब्रेसनं स्नायू कमकुवत होतात' हे ऐकायला पटतं, पण तपासलं तेव्हा तसं दिसलं नाही. निरोगी घोट्यांवर आठ आठवडे ब्रेस घालून बाहेरच्या बाजूचा पेरोनियस स्नायू अचानक पाय वळल्यावर किती लवकर दाद देतो ते मोजलेलं आहे, ब्रेसमुळे तो मंदावला नाही.

आणि नेदरलँड्समधला २०१४ चा अभ्यास बघा, हा मला फार आवडतो कारण निकाल अपेक्षेच्या उलटा आहे. नुकताच घोटा मुरगळून बरे झालेले ३८४ खेळाडू, तीन गट. एका गटाला आठ आठवडे घरी करायचे बॅलन्सचे व्यायाम, दुसऱ्याला खेळताना वर्षभर ब्रेस, तिसऱ्याला आठ आठवडे दोन्ही. वर्षभरात पुन्हा मुरगळल्याचं सांगणारे: व्यायामवाले २७ टक्के, ब्रेसवाले १५, दोन्हीवाले १९. सगळे फिजिओ व्यायाम व्यायाम करतात आणि जिंकला ब्रेस! शिवाय २०११ मध्ये अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉलपटूंवर, १४६० मुलं-मुली, लेसवाला ब्रेस घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश. पण ज्यांना झाली त्यांची दुखापत ब्रेसमुळे सौम्य झाली असं काही दिसलं नाही.

हाडवैद्य_नव्हे:
@आकडेमोड्या, 'जिंकला' म्हणताना जरा दमानं. व्यायाम ठरल्याप्रमाणे पुरा करणारे थोडेच असतात, हे आम्हाला रोज दिसतं, ब्रेस मात्र चढवला की काम करायला लागतो. आणि ब्रेसचा तो फायदा ब्रेस अंगावर असेपर्यंतचा आहे. जिन्यावर, अंधारात, पावसात ओल्या फरशीवर पाय सटकतो तेव्हा तुम्ही ब्रेस घातलेला नसतो. तिथे पायाला स्वतःलाच सावरता आलं पाहिजे. लिगामेंट फाटतं तेव्हा त्यातले पाय कुठल्या कोनात आहे ते मेंदूला कळवणारे सेन्सरही दुखावतात, ती जाण परत येते ती तोल सांभाळायच्या सरावानं. म्हणून ब्रेस घाला आणि व्यायामही करा, यात भांडण कुठे आहे?

कट्टर_अनवाणी:
बरं, दुखापत झालेल्यांनी थोडे दिवस घालावा, एवढं मान्य. धडधाकट माणसाने चालायला जाताना घालू नये या मतावर ठाम.

हाडवैद्य_नव्हे:
त्यावर माझीही सही.

चष्मेबद्दूर:
जरा मध्येच. माझ्या भावाचाही काल पायरीवर पाय वाकडा पडला, एक्सरे काढलेला नाही, म्हणतो ब्रेस घालून होईल बरं. भिरभिरंचं ठीक आहे, त्याने एक्सरे काढलाय. आमचं काय?

आकडेमोड्या:
यासाठी ओटावा रूल्स आहेत, कॅनडात १९९२ मध्ये आले, जगभर इमर्जन्सीत तेच वापरतात. मुरगळल्या मुरगळल्या आणि नंतर तपासणीच्या वेळी, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता आली नाहीत (लंगडत टाकली तरी चालतील) तर एक्सरे. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर येतात त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेने ६ सेंटिमीटर वरपर्यंत बोटाने दाबलं आणि हाड दुखलं तर एक्सरे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे टेंगूळ लागतं, करंगळीच्या लांब हाडाचं मूळ, ते दुखलं तर पावलाचा एक्सरे. आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरचं हाड दुखलं तरी तेच.

हाडवैद्य_नव्हे:
+१. त्या करंगळीच्या मुळावर बोट ठेवून बघाच. घोटा मुरगळलाय म्हणून येतात आणि फ्रॅक्चर तिथे निघतं, कारण पेरोनियसचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिथेच चिकटतो आणि पाय वळताना हाडाचा तुकडा ओढून काढतो. लहान मुलांचं तर वेगळंच, त्यांची वाढीची चकती लिगामेंटपेक्षा कच्ची असते, मुलाच्या घोट्याला घरच्या घरी ब्रेस नको. आणि दुखणं घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मधे असेल, पाऊल बाहेर फिरवताना कळ येत असेल तर तो हाय अँकल स्प्रेन, त्याला हा साधा ब्रेस पुरत नाही आणि बरं व्हायला वेळही जास्त लागतो.

चष्मेबद्दूर:
दाबून बघितलं, करंगळीच्या टेंगळावर ओरडला. घेऊन जाते.

शिट्टीवाले_काका:
आता बांधायचं कसं ते मी सांगतो, पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो, रोज डझनभर घोटे बघतो. निम्मी पोरं ब्रेस घालतात तो चुकीचा.

आधी पायात मोजा हवा. आतून शिवण नसलेला, घोट्याच्या वरपर्यंत येणारा, सुरकुती न पडणारा. सुरकुती राहिली की तासाभरात फोड. मग खुर्चीवर बस, टाच ब्रेसच्या मागच्या खोबणीत पूर्ण मागे दाब, आणि पाऊल नडगीशी काटकोनात आण. हे सगळ्यात महत्त्वाचं. चवडा खाली सोडून लेस आवळली तर उभं राहिल्यावर पुढून गच्च आवळतं आणि मागून ढिलं पडतं, मग पोरं म्हणतात ब्रेस खराब आहे. लेस खालून वर आवळत जायची, बोटांकडे हलकी, वाकापाशी घट्ट, वर पुन्हा जरा हलकी. पट्टे असतील तर बाहेरचा पट्टा तळव्याखालून येऊन बाहेरच्या बाजूने वर खेचायचा, म्हणजे तळव्याची बाहेरची कड उचलून धरली जाते. उलटा फिरवलास तर तो पट्टा पाय आत वळायलाच मदत करेल! मग आतला पट्टा. शेवटी वेल्क्रो.

बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोड, पांढरं झालेलं दोनेक सेकंदात गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा मुंग्या येत असतील तर सोडून परत बांध. थोडं चाललं की लेस सैल पडते, तेव्हा परत एकदा आवळायची. पोरं टेपिंग टेपिंग करतात, टेप छान असते पण घाम आणि धावपळीत अर्ध्या तासात ढिली पडायला लागते, ब्रेस निदान कोर्टबाहेर बसून पुन्हा कसता येतो.

भिरभिरं:
काका, तुम्हाला साष्टांग. ब्रेस आला, स्टिरपच घेतला. पण बुटात पाय जाईना! आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडावर प्लास्टिकची कड टोचतेय, संध्याकाळी तिथे लालभडक.

शिट्टीवाले_काका:
बुटातली आतली सोल काढून टाक, जागा होते. तरी नाही गेलं तर अर्धा नंबर मोठा, लेस पार खालपर्यंत उघडणारा बूट. चपलेत हा ब्रेस घालू नकोस, बुटाने बांधून ठेवल्याशिवाय तो सरकतो.

हाडवैद्य_नव्हे:
लाल पट्टा ब्रेस काढल्यावर १५-२० मिनिटांत गेला तर चिंता नाही, टिकला तर दाब एकाच ठिकाणी पडतोय. हवेची गादी असेल तर थोडी हवा काढा, पट्टी वर-खाली सरकवून हाडाच्या टोकाभोवतीची खोबण नेमकी हाडावर आणा. हाडावर कापसाचा गोळा ठेवू नका, दाब वाढतो. ठेवायचंच तर हाडाच्या भोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा फेल्ट किंवा फोम, मधे हाड मोकळं.

जिना_नकोच:
माझ्या आईला डायबेटिस आहे, तळव्याला संवेदना कमी आहेत, तिचाही घोटा सुजलाय. असाच ब्रेस आणू का?

हाडवैद्य_नव्हे:
परस्पर आणू नका. टोचलेलं तिला कळणार नाही आणि जखम झाली तर भरायला कठीण. शिवाय डायबेटिसमध्ये न मुरगळता घोटा सुजून लाल-गरम झाला असेल तर ती वेगळीच गोष्ट असू शकते, डॉक्टरांना लगेच दाखवा. कुणालाही पोटरी सुजून दुखायला लागली, एकच पाय गरम लागला तर तेही तातडीनं, रक्ताची गुठळी नाही ना ते बघावं लागतं.

वाकडी_वाट:
बर्फाचं काय ठरलं शेवटी? आमच्या वेळी राइस राइस (रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन, म्हणजे विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच) करायचे, हल्ली म्हणतात बर्फ लावू नका.

आकडेमोड्या:
राइस हा शब्द १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरनं रूढ केला आणि २०१४ मध्ये त्याच माणसानं लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबू शकतं. आता दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ चालतो म्हणतात, पण भर लवकर हालचालीवर. पाय छातीपेक्षा उंच ठेवणं आणि दाब हे अजून टिकून आहे.

भिरभिरं:
रिपोर्टिंग. सूज बरीच उतरली, जिना एकेक पायरी न घेता उतरता येतोय. फिजिओ सुरू आहे. सकाळी उठल्यावर पहिली पावलं दगडासारखी पडतात, नंतर मोकळं होतं. घरात ब्रेस काढू का? आणि व्यायाम ब्रेस घालून करायचे की काढून?

हाडवैद्य_नव्हे:
घरात सपाट फरशीवर, दुखत नसेल तर काढा. बाहेर, गर्दीत, खडबडीत रस्त्यावर घाला. मग हळूहळू बाहेरचंही कमी करा. साधारण सहा आठवडे ते तीन महिने दैनंदिन वापर, ग्रेडप्रमाणे आणि डॉक्टर सांगतील तसं. दुखणं थांबलं म्हणजे लिगामेंट पक्कं झालं असं नसतं, त्याची आतली बांधणी वर्षभर चालू असते, म्हणून खेळताना मात्र निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर ब्रेस ठेवा.

व्यायाम ब्रेस काढून, आधाराला भिंत जवळ घेऊन. सकाळचा ताठरपणा आहे ना, त्यासाठी भिंतीसमोर उभं राहून अंगठा भिंतीपासून थोडा लांब ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला की अंगठा आणखी मागे. दोन्ही पायांचं अंतर मोजून ठेवा, चांगल्या पायाच्या बरोबरीला आलं पाहिजे. मग रबरी बँड पावलाभोवती घालून पाऊल बाहेर ढकलायचं, परत येताना मात्र सावकाश, कारण पाय वळताना त्या स्नायूला ब्रेक लावायचा असतो आणि ते काम परत येतानाच शिकतो. टाचा उचलणं आधी दोन पायांवर मग एकावर. आणि एका पायावर उभं राहणं. डोळे उघडे जमलं की डोळे मिटून, मग उशीवर, मग कुणीतरी चेंडू फेकतंय आणि झेलायचा. दात घासताना करा, वेगळा वेळ काढायला लागत नाही आणि मग टाळाटाळही होत नाही.

शिट्टीवाले_काका:
आणि कोर्टावर थेट मॅच नको. आधी सरळ जॉगिंग, मग आठच्या आकड्यात पळणं, मग बाजूला सरकणं, मग उड्या. दुखऱ्या पायावर एकट्यावर उडी मारून जागच्या जागी थांबता आलं, गुडघा आत न झुकता, की मग शटल हातात घे. घोटा परत परत दगा देतोय असं वाटलं तर तिथेच थांब.

भिरभिरं:
एक विचारायचं राहिलं. चालताना मधेच सांध्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि कट् होऊन सुटतं, दुखत फारसं नाही. ब्रेस घट्ट केला तर कमी होईल का?

हाडवैद्य_नव्हे:
न दुखता नुसता कट् आवाज येणं सर्रास असतं. अडकणं वेगळं. ते परत परत होत असेल, आत खोल दुखत असेल किंवा त्यानंतर सूज येत असेल तर घोट्याच्या आतल्या हाडाच्या कूर्चेला मार लागलेला असू शकतो, साध्या एक्सरेत तो बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. घोट्याच्या मागे बाहेरच्या बाजूला दोरी सरकल्यासारखं होत असेल तर टेंडन जागेवरून हलतोय. दोन्हीपैकी कशालाही ब्रेस आवळून उपयोग नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं कुठल्या हालचालीला होतं ते करून दाखवा, तोवर उड्या बंद.

भिरभिरं:
जिना उतरताना, टाच टेकायच्या आधी. नोंद करून ठेवतो, गुरुवारी अपॉइंटमेंट आहे.

तिरकी_चाल:
गुरुवारी काय निघालं ते इथेच लिही. आणि ब्रेस धू रे, वेल्क्रो मिटवून, हातानं, साध्या साबणानं, सावलीत वाळव. मशीनमध्ये टाकलास तर वेल्क्रोत सगळ्या घरादाराचे धागे अडकतात आणि पकड जाते.

चष्मेबद्दूर:
भावाचं कळवायचं राहिलं. करंगळीच्या मुळाशीच फ्रॅक्चर निघालं, सरकलेलं नाही. बूट दिलाय. @आकडेमोड्या, @हाडवैद्य_नव्हे, दोघांचे आभार, तो ब्रेस ऑर्डर करून बसला होता, कॅन्सल केला.